जवळचे पट उजवीकडे जायचे, त्याचा इलाज

गोल्फमध्ये माझे लांबचे पट (होलकडे चेंडू हलकेच घरंगळवण्याचे फटके) ठीक बसायचे, पण चार फुटांवरून चेंडू हमखास होलच्या उजव्या कडेने निघून जायचा. ग्रिप बदलली, उभं राहणं बदललं, ढिम्म फरक नाही. शेवटी मुलाला मागे उभं करून मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावला. पटर, म्हणजे पट मारायची काठी, मागे नेताना आत (माझ्याकडे) वळतो, चेंडूपाशी सरळ होतो आणि पुढे पुन्हा आत. म्हणजे स्ट्रोक चांगलाच कमानदार.

मग पटर तपासला. शाफ्ट (दांडी) बोटावर आडवी तोलली, तर त्या बोजड मॅलेटचा (मोठ्या डोक्याच्या पटरचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, थेट आभाळाकडे. असा पटर सहजी फिरत नाही; ज्यांचा स्ट्रोक जवळपास सरळ, त्यांना तो झकास. माझ्या हातात मात्र चेंडूला लागताना फेस किंचित उघडाच, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहायचा.

क्लबातल्या एका काकांनी जुना ब्लेड (अरुंद डोक्याचा पटर) दिला, पिंग कंपनीच्या आन्सर पटरच्या घडणीचा. (पिंगचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम यांचं हे १९६६चं डिझाइन; नकला आजही दुकानोदुकानी.) बोटावर तोलला की त्याच्या डोक्याचं बाहेरचं टोक जमिनीकडे झुकतं; असा पटर कमानदार स्ट्रोकबरोबर सहज फिरतो. जवळचे पट सरळ जाऊ लागले. पण पटर ३५ इंची, वाकल्यावर माझे डोळे चेंडूच्या फार अलीकडे यायचे. एक इंच कापून घेतला. कापल्यावर पटरचं डोकं हलकं लागतं, म्हणून तळाला शिशाची पट्टी चिकटवली. लांबून मात्र चेंडू फेसच्या मधोमध लागला नाही तर तोकडा पडतो. तेवढं मॅलेट सांभाळून घ्यायचा.