टूलबारला कुलूप

मी इंटरफेस डिझाइनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरचा स्क्रीन कसा मांडायचा हे ठरवण्याच्या कामात, आले तेव्हा पहिलं काम मिळालं ते दुकानांसाठीच्या बिलिंग सॉफ्टवेअरचं. वरच्या टूलबारवर चोवीस बटणं, आणि प्रत्येक बटण ओढून हवं तिथे नेता यायचं, नको असेल तर काढून टाकता यायचं. मला ही सोय फार आवडायची. ज्याने त्याने आपल्या सोयीने मांडून घ्यावं, म्हणजे कुठलं बटण पुढे आणि कुठलं मागे हे आपल्याला ठरवावंच लागत नाही.

नव्याने येणाऱ्यांना मी हेच आधी सांगते: ठरवायचं टाळून ते काम आपण युजरच्या गळ्यात घालत असतो.

हे मला कळलं ते सपोर्टच्या फोनवर दोन आठवडे बसल्यावर. जमलं तर तुम्हीही बसा. कुठल्याही कोर्समध्ये हे शिकायला मिळत नाही. सारखी येणारी तक्रार एकच, “मॅडम, वरची पट्टी गेली.” माउस दाबलेला असताना हात सरकला की अख्खा टूलबार सुटून खाली कुठेतरी जायचा. तिकडे काउंटरवर गिऱ्हाइकं ताटकळलेली. मी “डावीकडून तिसरं बटण” म्हणायचे, तर त्यांच्याकडे तिसरं बटण भलतंच असायचं. प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा, मग फोनवरून सांगायचं तरी काय?

मग मी मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा इतिहास वाचून काढला. विंडोजवरच्या पहिल्या वर्डमध्ये 2 टूलबार होते, वर्ड 2003 पर्यंत ते 31 झाले. मधल्या ऑफिस 2000 मध्ये कमी वापरल्या जाणाऱ्या कमांड आपोआप लपवणारे मेनू आले. माझ्या मते तो सर्वांत वाईट मार्ग, कारण काल दिसलेली गोष्ट आज तिथे नसते. पुढे त्यांनी प्रत्यक्ष वापराची आकडेवारी पाहिली, तर टूलबार बदलून काम चालल्याची उदाहरणं 2 टक्क्यांहून कमी, आणि त्यांतही बहुतेकांनी चारपर्यंतच बटणं इकडची तिकडे केलेली. वर्डमध्ये वापरल्या जाणाऱ्या सगळ्या कमांडपैकी जवळपास एकतृतीयांश वापर पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचांचाच. 2007 मध्ये मेनू आणि टूलबारच्या जागी रिबन, म्हणजे टॅबमध्ये विभागलेली बटणांची रुंद पट्टी, आली आणि मनासारखं बदलायला फक्त एक छोटी पट्टी उरली.

तो 2 टक्क्यांचा आकडा हाती धरून मी आमच्या मीटिंगमध्ये भांडले. पुढच्या आवृत्तीत दहा बटणं ठेवली, हलवाहलव पूर्ण बंद. पट्टी गेल्याचे फोन थांबले. नवे दुकानदार लवकर शिकू लागले.

पावसाळ्याच्या तोंडावर मी एका खत-बियाण्यांच्या दुकानात गेले. तिथल्या दिवाणजींनी जुन्या आवृत्तीत ‘नवीन बिल’च्या शेजारी ‘उधारी खातं’ आणून ठेवलेलं होतं. खरिपाची बरीचशी विक्री उधारीवर, त्यामुळे त्यांचा हात न बघता तिथे जायचा. आम्ही ते बटण मेनूत तीन क्लिक आत टाकलं होतं. काका रागावले नाहीत. तासभर त्यांच्या मागे उभी राहून मी बघत होते. प्रत्येक बिलाला त्यांचा माउस आधी जुन्या जागी जाई, थांबे, आणि मग मेनूकडे वळे. टूलबार बदलणारे थोडे असतात, पण त्यांच्यातच दिवसभर त्या स्क्रीनसमोर बसणारी माणसं असतात, हे त्या टक्क्यात दिसलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टनेही 2010 मध्ये रिबन बदलायची सोय दिलीच.

शेवटी आम्ही दुकानाच्या प्रकारानुसार सुरुवातीची मांडणी ठरवली. खत-बियाण्यांच्या दुकानाला उधारीचं बटण पहिल्यापासूनच पुढे. टूलबार कुलूपबंद, विंडोज एक्सपीत टास्कबार लॉक करता यायचा तसा. उजवी क्लिक करून कुलूप काढता येतं, आणि तिथेच ‘मूळ मांडणी परत आणा’ ठेवलं. हलवायला मिळतात ती चारच बटणं. टेस्टिंगवाल्यांचाही विचार करावा लागतो: हो-नाहीच्या दहा सेटिंग दिल्या की त्यांच्या 1024 वेगवेगळ्या जुळण्या होतात, आणि त्या सगळ्या कुणीच तपासत नाही.

सराव करायचा असेल तर मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखंच असलेलं लिबरऑफिस घ्या, फुकट आहे आणि मराठीतही चालतं. व्ह्यू मेनूतल्या युजर इंटरफेसमध्ये जुने टूलबार, टॅबची मांडणी, साइडबार असे पर्याय आहेत. घरातल्या कुणालातरी तेच पत्र दोन मांडण्यांमध्ये लिहायला बसवा. तुम्ही मागे उभे राहा, सुचवू नका, फक्त माउस कुठे अडतो ते वहीत टिपा. पोर्टफोलिओत, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या कामाच्या नमुन्यांत, सुंदर स्क्रीनच्या आधी ती वहीची पानं लावा. मुलाखत घेताना मी उमेदवाराला पहिलं विचारते ते हेच, की काढलेलं बटण कोण वापरत होतं.