पुरुष एकेरीचा ड्रॉ कसा काढायचा: बावीस खेळाडू, बत्तीस ओळी

खान्देशात खुली टेनिस स्पर्धा घ्यायची तर डिसेंबर-जानेवारीच बरे. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या कोर्टावर दुपारी कोणी उभं राहत नाही. तारखा, चेंडू, पंच यांची व्यवस्था होऊन जाते. वाद होतो तो ड्रॉवरून, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याच्या तक्त्यावरून, कारण बऱ्याच ठिकाणी चार माणसं टेबलाशी बसून तो ‘जमवतात’. व्यावसायिक स्पर्धेत ड्रॉ काढतात त्याच रीतीने आपल्याकडेही काढता येतो. त्याला संगणक लागत नाही, क्रम मात्र चुकवायचा नाही: आधी मानांकित (कामगिरीवरून वरचा क्रम दिलेले खेळाडू), मग बाय (पहिली फेरी न खेळता पुढे जाणं), मग उरलेली नावं.

समजा २२ नावं आली. ड्रॉ १६, ३२, ६४ असाच वाढतो, म्हणून इथे ३२ ओळींचा तक्ता घ्यावा लागेल. १-२, ३-४ अशी ओळींची जोडी म्हणजे एक सामना. ३२ वजा २२, म्हणजे १० बाय. पहिल्या फेरीत ६ सामने होतील आणि दुसऱ्या फेरीपासून १६ जणांचा सरळ तक्ता चालेल. ताळा सोपा आहे: एकूण सामने खेळाडूंपेक्षा एकने कमी, म्हणजे २१. तुमची बेरीज २१ येत नसेल तर बाय मोजण्यात चूक झाली आहे.

३२ च्या ड्रॉला ८ मानांकनं, १६ च्या ड्रॉला ४. ती कशावरून द्यायची हे परिपत्रकातच लिहून टाका: अमुक तारखेची राष्ट्रीय क्रमवारी, आणि क्रमवारीत नसलेल्यांसाठी गेल्या वर्षीचा निकाल. ‘तो चांगला खेळतो’ हा निकष नव्हे. विम्बल्डनसुद्धा पुरुषांसाठी हिरवळीवरच्या कामगिरीचं वेगळं गणित करून मानांकनं लावायचं. २०२१ पासून त्यांनी ते सोडलं आणि सरळ क्रमवारी धरली.

आता जागा. पहिला मानांकित ओळ १ वर, दुसरा ओळ ३२ वर. इथे चिठ्ठी नाही. तिसरा आणि चौथा मात्र चिठ्ठीने: आधी निघेल तो ओळ ९ वर, दुसरा ओळ २४ वर. नेहमीची चूक इथेच होते. तिसऱ्याला कायम दुसऱ्याच्या अर्ध्यात (ओळ १७ ते ३२) आणि चौथ्याला पहिल्याच्या अर्ध्यात ठेवून देतात. तसं केलं की पहिल्याला उपांत्य फेरीत दरवेळी चौथाच मिळतो, तिसरा कधीच नाही. पाच ते आठ यांच्या चार चिठ्ठ्या एकत्र टाका आणि निघतील त्या क्रमाने ओळ ८, १६, १७ आणि २५ वर लिहा.

मग बाय. आठ बाय मानांकितांना, म्हणजे त्यांच्या शेजारच्या ओळींवर: २, ७, १०, १५, १८, २३, २६, ३१. बाय दहापेक्षा कमी, समजा पाचच असते, तर ते पहिल्या पाच मानांकितांना क्रमानेच गेले असते. पुण्यात बालेवाडीला झालेल्या महाराष्ट्र ओपनचा एकेरीचा ड्रॉ २८ खेळाडूंचा असायचा, म्हणजे ३२ ओळींवर. तिथे चार बाय पहिल्या चार मानांकितांना मिळत. आपले दोन बाय अजून उरलेत. ते एक वरच्या अर्ध्यात, एक खालच्या अर्ध्यात द्यायचे. वर ३-४, ५-६, ११-१२, १३-१४ या चार मोकळ्या जोड्या आहेत, खाली १९-२०, २१-२२, २७-२८, २९-३०. प्रत्येक चारांतून एक जोडी चिठ्ठीने निवडा आणि तिच्यातल्या एका ओळीवर बाय लिहा. दोन्ही बाय एकाच अर्ध्यात गेले, तर तिकडचा बिगरमानांकित खेळाडू फुकट ताजा राहतो आणि दुसऱ्या अर्ध्यातल्या कोणालाच ती सवलत मिळत नाही.

उरले १४ खेळाडू आणि १४ ओळी. कागदाच्या चिठ्ठ्या करू नका. घडी जाड-पातळ होते, दोन चिकटतात, आणि मग ‘वरचीच उचलली’ अशी कुजबुज सुरू होते. हाउजीच्या सोंगट्या घ्या. खेळाडूंची नावं आडनावाच्या क्रमाने लिहून १ ते १४ आकडे द्या, यादी आधी भिंतीवर लावा, मग स्टीलच्या डब्यातून एकेक सोंगटी काढून वरून खाली रिकाम्या ओळी भरत जा. सोंगटी काढणारा स्वतः किंवा त्याचा मुलगा-भाऊ स्पर्धेत नसावा. दोन खेळाडू साक्षीला हवेत, त्यांच्या सह्या तक्त्याखाली घ्या.

एकाच अकादमीची दोन पोरं पहिल्याच फेरीत समोरासमोर आली की पालक हमखास येतात. ग्रँड स्लॅममध्येही एकाच देशाचे दोघं पहिल्या फेरीत भिडतात. त्यांना वेगळं ठेवायचंच असेल, तर तो नियम परिपत्रकात आधी छापा, तो फक्त पहिल्या फेरीपुरता ठेवा, आणि पद्धतही लिहा: समोर त्याच क्लबचा निघाला तर त्याला पुढच्या मोकळ्या जोडीत बसवून या जागेसाठी दुसरी सोंगटी काढायची. ड्रॉ लागल्यावर अदलाबदल नाही.

सुरत लाइनने नंदुरबार-अमळनेरकडून येणाऱ्याची गाडी कधी पोचते, कोणाची नोकरी शनिवारी अर्धा दिवस आहे, हे सगळं सामन्यांच्या वेळापत्रकात बघायचं, ड्रॉमध्ये नाही. दोन कोर्ट असतील आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक ठेवला, तर सामन्याला दीड तास धरा. शुक्रवारी चारपासून पहिल्या फेरीचे सहा सामने, कोर्टागणिक तीन, म्हणजे साडेआठ. दिवे नसतील तर त्या दिवशी सकाळीच सुरू करा. ज्या दोन सामन्यांचे विजेते पुढे एकमेकांशी खेळणार, ते शक्यतो लागोपाठ किंवा शेजारच्या कोर्टांवर लावा, नाहीतर एकाला चार तास विश्रांती आणि दुसऱ्याला पाऊण तास असं होतं.

ड्रॉनंतर माघार आली तर? पहिल्या दिवसाचं वेळापत्रक लागलं आहे का, यावर उत्तर अवलंबून. २०१७ च्या यूएस ओपनमध्ये दुसरा मानांकित अँडी मरे ड्रॉनंतर, पण स्पर्धा सुरू होण्याआधी बाहेर पडला. त्याच्या जागी पाचवा मानांकित मारिन चिलिच आला, चिलिचच्या जागी सतरावा सॅम क्वेरी. फेडरर आणि नदाल एकाच अर्ध्यात राहिले, दुसरा अर्धा रिकामा दिसू लागला आणि टीका झाली, पण नियम तोच होता. पूर्ण ड्रॉ पुन्हा काढला नाही. वेळापत्रक लागल्यानंतर मात्र कोणालाही हलवायचं नाही. त्या ओळीवर थेट राखीव यादीतला खेळाडू येतो. व्यावसायिक स्पर्धेत हा पात्रता फेरीत हरलेला, म्हणजे लकी लूजर. आंद्रेय रुब्लेव्हने २०१७ मध्ये उमागचं विजेतेपद असं घेतलं.

आपल्याकडे पात्रता फेरी क्वचितच असते, म्हणून मुदतीनंतर ‘एक नाव घ्या ना भाऊ’ म्हणत आलेल्यांची राखीव यादी करा. त्यांना बायच्या जागी बसवू नका. बाय हा त्या मानांकिताचा हक्क आहे. राखीव खेळाडूने पहिल्या सामन्याच्या अर्धा तास आधी हजर राहून सही करायची. सही नसेल तर यादीतला पुढचा. कोणीच नसेल तर समोरच्याला पुढे चाल, आणि तक्त्यावर गुण न लिहिता तेवढंच लिहायचं.