तेच पाप पुन्हा पुन्हा घडत असेल तर

ज्या पापाची कबुली गेल्या रविवारी दिली, तेच पाप पुढच्या शनिवारी पुन्हा घडले की माणूस पापापेक्षा स्वतःच्या प्रार्थनेलाच अधिक कंटाळतो. तेच शब्द देवापुढे कितव्यांदा उच्चारायचे, असे त्याला वाटू लागते आणि मग तो एक तर प्रार्थना सोडतो, नाही तर पापाला जरा सौम्य नाव देऊन त्याच्याशी जुळवून घेतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 7व्या अध्यायात पौलाने हीच कोंडी मांडली आहे: जे चांगले करावेसे वाटते ते होत नाही आणि जे नकोसे वाटते तेच हातून घडते. पौल तेथे विश्वास ठेवण्यापूर्वीच्या अवस्थेविषयी बोलतो की नंतरच्या, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण ज्याला हा अनुभव आहे त्याला ते वाक्य कोणी समजावून सांगावे लागत नाही. ज्यांना ते पाप खरोखर सोडायचे आहे, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

सुरुवातीलाच एक भेद ध्यानात घ्यावा. मोह होणे आणि पाप करणे या एकच गोष्टी नव्हेत. येशूची सर्व प्रकारे परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते. मनात एखादा विचार आला म्हणजे आपण पडलोच, असे मानणारा माणूस लढाई सुरू होण्यापूर्वीच शस्त्र खाली ठेवतो. आलेला विचार आणि मनात घोळवलेला विचार यांत अंतर आहे, आणि आपल्याला जे काम करायचे आहे ते त्या अंतरातच करायचे आहे.

बहुतेकांची चूक अशी होते की सगळा जोर मोहाच्या ऐन क्षणासाठी राखून ठेवला जातो. प्रत्यक्षात तो क्षण लढण्यासाठी सर्वांत गैरसोयीचा असतो, कारण तोपर्यंत शरीर थकलेले असते, मन अर्धे राजी झालेले असते आणि साधन हाताशी आलेले असते. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात हा क्रम स्पष्ट दिला आहे: वासना ओढून नेते व भुलवते, मग ती गर्भ धारण करून पापाला जन्म देते आणि पाप परिपक्व झाल्यावर मरणाला जन्म देते. म्हणजे पाप जन्माला येण्याआधी बराच काळ ते वाढत असते.

दावीद आणि बथशेबा यांचा वृत्तांत या दृष्टीने 2 शमुवेलाच्या 11व्या अध्यायात पहिल्या वचनापासून वाचावा. आपण सहसा तो गच्चीपासून वाचतो. राजे युद्धास जातात त्या ऋतूत दावीद राजाने सेनापती यवाबाला आणि सैन्याला राब्बा नगरावर पाठवले आणि स्वतः मात्र यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी तो बिछान्यावरून उठला आणि राजवाड्याच्या गच्चीवर फिरू लागला. त्याने स्नान करणारी स्त्री पाहिली. येथेही तो मागे फिरू शकला असता, पण त्याने चौकशी करवली. ती त्याच्याच सैन्यातील उरीयाची बायको आहे असे उत्तर आले, म्हणजे थांबण्याची आणखी एक संधी अगदी स्पष्ट शब्दांत मिळाली, तरीही त्याने माणसे पाठवून तिला आणवले. रिकामा वेळ, गच्ची, नजर, चौकशी, निरोप ही सर्व दारे त्याने एकामागून एक स्वतः उघडली, आणि यांतील पहिले दार बंद करणे शेवटच्या दारापेक्षा कितीतरी सोपे होते.

आपल्या पापाचाही असाच वृत्तांत लिहून काढावा, आणि तो शेवटाकडून आरंभाकडे लिहावा. समजा, रात्री साडेबारा वाजता मोबाईलवर अश्लील चित्रफिती पाहणे हे ते पाप आहे. त्याआधी काय होते? दिवे मालवून अंथरुणात एकट्याने स्क्रीन सरकवत राहणे. त्याआधी? झोप येत नाही म्हणून फोन उशाशी घेणे. त्याआधी? जेवताना घरात झालेली कुरबुर, किंवा दिवसभर कामावर गिळलेला अपमान, आणि मग ‘आता मला कोणी काही विचारू नका’ ही भावना. अशी साखळी कागदावर आली की उपाय साडेबाराला करायचा नसून दहा वाजता करायचा आहे, हे आपोआप दिसते. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा, उशाशी साधे गजराचे घड्याळ ठेवावे, आणि ज्याच्याशी कुरबुर झाली त्याच्याशी झोपण्यापूर्वी दोन शब्द बोलावेत. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा असे पौल इफिसकरांस लिहितो, ते केवळ रागापुरते खरे नाही. हे उपाय काहींना फार क्षुल्लक, अगदी अनाध्यात्मिक वाटतात. माझ्या मते जो फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला तयार नाही, त्याने आत्म्याच्या सामर्थ्याविषयी मोठ्या गोष्टी जरा जपून बोलाव्यात.

दारूचे, खोटे बोलण्याचे, संतापाचे पापही असेच मागे मागे तपासता येते. ज्याचा पगाराचा दिवस बिघडतो त्याने त्या दिवशी घरी येण्याचा रस्ता बदलावा. जो घरात पाऊल टाकताच मुलांवर खेकसतो त्याने गर्दीच्या लोकलमधून उतरल्यावर काही खाऊन, पाच मिनिटे एखाद्या बाकावर बसून, प्रार्थना करून मग दार वाजवावे.

एका वेळी एकच पाप निवडावे. या बाबतीत सोळाव्या शतकातील इग्नेशियस लोयोला यांची पद्धत आजही उपयोगी पडते, आणि ती कॅथलिकांनीच वापरावी असे मुळीच नाही. सकाळी उठताच त्या एका दोषापासून सावध राहण्याचा निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर, उठल्यापासूनचा प्रत्येक तास आठवून आपण किती वेळा पडलो ते पाहायचे आणि वहीत त्या दिवसाच्या वरच्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे. रात्री जेवणानंतर पुन्हा तसेच करून ठिपके खालच्या रेघेवर द्यायचे. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. पडल्याचे लक्षात येताच छातीवर हात ठेवून मनात खेद व्यक्त करायचा, आणि हे चारचौघांतही कोणाच्या लक्षात न येता करता येते, असे ते मुद्दाम नोंदवतात. या वहीचा खरा फायदा ठिपके मोजण्यात नाही. ‘मी नेहमीच पडतो’ असे मोघम वाटणे तिच्यामुळे संपते आणि ‘मी बहुधा दुपारनंतर, एकटा असताना पडतो’ असे नेमके काहीतरी हाती लागते, ज्यावर प्रार्थना करता येते आणि उपायही.

ऐन मोहाच्या क्षणी मात्र वाद घालत बसू नये. आपला धनी पोटीफर याच्या बायकोने वस्त्र धरले तेव्हा योसेफ ते तिच्या हाती सोडून पळाला, आणि जारकर्मापासून पळ काढा असेच पौल करिंथकरांस सांगतो. उठावे, खोलीबाहेर जावे, कोणाला तरी फोन लावावा. अरण्यात येशूने तिन्ही मोहांना जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिले, आणि ती वचने त्याला शोधावी लागली नाहीत. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशाने आठ प्रकारच्या वाईट विचारांसाठी प्रत्युत्तरादाखल शास्त्रवचनांचा संग्रहच करून ठेवला होता. आपल्याला इतके नको. आपल्या पापाला नेमके लागू पडणारे एक वचन तोंडपाठ असले आणि ते मोठ्याने म्हणण्याची सवय असली तरी पुरे. तेही सुचले नाही तर बुडणाऱ्या पेत्राची प्रार्थना आहे: ‘प्रभूजी, मला वाचवा.’

आणि तरीही पडलो तर? येथेच बहुतेकांचे सर्वांत मोठे नुकसान होते. एकदा पडल्यावर ‘आता दिवस बिघडलाच आहे, उद्यापासून पाहू’ असा विचार येतो आणि एका पापाची चार पापे होतात. म्हणून पडणे आणि परतणे यांतील वेळ कमी करणे हे स्वतंत्र ध्येय मानावे. योहानाच्या पहिल्या पत्रातील क्षमेचे अभिवचन रविवारपुरते राखून ठेवलेले नाही. तेथल्या तेथे, पापाचे खरे नाव घेऊन, कारणे न सांगता कबुली द्यावी. पेत्र आणि यहूदा इस्कर्योत या दोघांनाही आपल्या कृत्याचे दुःख झाले; यहूदा याजकांकडे पैसे टाकून एकटाच निघून गेला आणि त्याने जीव दिला, तर पेत्र रडला, पण शिष्यांमध्ये राहिला, आणि पुढे समुद्राकाठी प्रभूनेच त्याच्याशी बोलणे काढले. पापामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले असेल तर देवाची क्षमा मागून भागत नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती, तेव्हा घेतलेले परत करावे आणि बोललेले खोटे दुरुस्त करावे. प्रभुभोजन केव्हा घ्यावे याविषयी आपापल्या मंडळीची शिस्त पाळावी, पण लाज वाटते म्हणून उपासनेलाच जाणे टाळू नये.

गुप्ततेत पाप पोसले जाते, म्हणून एका माणसाला ते सांगावे. एकमेकांजवळ पापे कबूल करा, असे याकोब लिहितो. हा माणूस समवयस्क किंवा थोडा वडील, शक्यतो आपल्याच लिंगाचा, आणि मुख्य म्हणजे ऐकलेले पोटात ठेवणारा असावा. आपल्याकडच्या लहान मंडळ्यांत सगळेच एकमेकांचे मामा-आत्या लागतात आणि बातमी उपासना संपायच्या आत दारापर्यंत पोहोचते, तेव्हा शेजारच्या गावचे पाळक निवडणे शहाणपणाचे ठरू शकते. कॅथलिकांना पापनिवेदनाची सोय आहेच, आणि तेथे धर्मगुरूवर गुप्ततेचे बंधन असते. पती किंवा पत्नीवर पहारेकऱ्याचे काम टाकू नये, त्याने संसार शिणतो. त्या माणसाने दर आठवड्याला काय विचारायचे तेही ठरवून घ्यावे, ‘कसं चाललंय?’ या प्रश्नाला ‘प्रभूच्या कृपेने बरं’ हे उत्तर ठरलेलेच असते.

काही ठिकाणी हे सारे पुरे पडत नाही. दारूचे व्यसन जडले असेल तर डॉक्टरांकडे जावे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर आकडी येऊ शकते व जिवावर बेतू शकते, म्हणून केवळ उपास-प्रार्थनेवर विसंबून तसे करू नये. संतापात हात उगारला जात असेल तर मार खाणाऱ्याची सुरक्षितता आधी, पापकबुली नंतर. अशा घरातील बाईला ‘क्षमा कर, सहन कर’ एवढेच सांगणारा सल्ला ख्रिस्ती नव्हे. याउलट काहींना प्रत्येक श्वासात पाप दिसते आणि क्षमा मिळाली याची खात्रीच पटत नाही. स्पेनमधील मानरेसा येथे 1522 मध्ये इग्नेशियस स्वतः या शंकेखोरीने इतके ग्रासले गेले होते की जीव देण्याचे विचार त्यांना येत. अशा व्यक्तीने ठिपक्यांची वही हाती घेऊच नये, एकाच अनुभवी मार्गदर्शकाचे ऐकावे आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

सुटलेल्या सवयीची जागा मोकळी ठेवू नये; बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा झाडून ठेवलेल्या रिकाम्या घरात आणखी सात आत्मे घेऊन परततो, असे येशू मत्तयाच्या 12व्या अध्यायात म्हणतो. चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी एवढ्यावर पौल थांबत नाही. त्याने हातांनी काम करावे आणि गरजवंताला द्यावे, असेही तो सांगतो. मोबाईलच्या त्या तासात आजारी माणसाला भेटणे, मुलांचा अभ्यास घेणे, गायनमंडळाचा सराव असे काहीतरी ठरलेले असावे.

आणि यश मिळू लागले की जपावे. लूक लिहितो की सैतान येशूला सोडून गेला तो संधी मिळेपर्यंतच. उपवासकाळाचे 40 दिवस जपलेले नियम ईस्टरच्या जेवणानंतर अनेक घरांत सुटतात, आणि अधिवेशनातून किंवा शिबिरातून परतलेला माणूस त्याच आठवड्यात निष्काळजी होतो. म्हणून फोन स्वयंपाकघरात ठेवण्याचा नियम आणि आठवड्याचे ते बोलणे ईस्टरनंतरही निदान पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पुढचे सात आठवडे, तसेच चालू ठेवावे, आणि मगच काय सैल करायचे ते त्या माणसाला विचारून ठरवावे.