गोव्यातील शिक्षिकांसाठी: शाळेच्या नेतृत्वापासून शैक्षणिक सल्लागारीपर्यंत

गोव्यातील बहुतेक शाळांच्या शिक्षक-कक्षात स्त्रियाच अधिक असतात, तरीही कामांची वाटणी सुरू झाली की एक जुनी रीत आपोआप पुढे येते. स्नेहसंमेलनाचे निवेदन, पाहुण्यांचे स्वागत, ईशस्तवनाची तालीम आणि सूचनाफलकाची सजावट ही कामे टीचरकडे येतात. वेळापत्रक, सेवाज्येष्ठता यादी, अनुदानाचे प्रस्ताव आणि शिक्षण खात्याशी होणारा पत्रव्यवहार ही कामे सरांकडे जातात. पंधरा-वीस वर्षांनी मुख्याध्यापकाचे पद रिकामे होते तेव्हा ज्यांनी ही दुसरी कामे केली त्यांना ‘प्रशासनाचा अनुभव आहे’ असे म्हटले जाते आणि जिने शाळेचे प्रत्येक संमेलन उभे केले तिच्याबद्दल ‘टीचर चांगल्या आहेत, पण कार्यालयीन कामाची सवय नाही’ असा शेरा येतो. मी फोंडा तालुक्यातील एका अनुदानित विद्यालयात सहशिक्षिका म्हणून लागले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि आता शाळांना सल्ला देण्याचे काम करते. या वाटेवर पुढे जाऊ इच्छिणाऱ्या शिक्षिकांना माझे पहिले सांगणे असे की, पदविका आणि प्रमाणपत्रे यांच्या आधी फाइल मागून घ्या.

आधी वेळापत्रक

फायलींमध्ये सर्वांत आधी वेळापत्रक मागावे. हे काम किचकट असल्यामुळे ते स्वतःहून मागणाऱ्या व्यक्तीला सहसा कोणी नकार देत नाही. मी पहिले वेळापत्रक जेवणाच्या टेबलावर आलेख-कागद पसरून, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन केले. आडव्या रांगेत तासिका, उभ्या रांगेत तुकड्या, आणि प्रत्येक चौकोनात शिक्षकाच्या नावाचे आद्याक्षर. तीन रात्री खाडाखोड केल्यावर कागद मधोमध इतका झिजला की बुधवारची चौथी तासिका दुसऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून लिहावी लागली. त्या कागदाने मला शाळेची खरी रचना दाखवली. सातवीच्या एका तुकडीला आठवड्यात चार दिवस गणित शेवटच्या तासिकेला येत होते. प्रयोगशाळा मंगळवारी रिकामी राहत होती आणि गुरुवारी तिथे दोन वर्ग एकत्र येत होते. नव्याने लागलेल्या, तासिका तत्त्वावरील शिक्षिकेच्या वाट्याला सगळ्या गैरसोयीच्या वेळा आल्या होत्या. हे वर्षानुवर्षे तसेच चालू होते, कारण प्रत्येक जण फक्त आपली रांग वाचत होता. संपूर्ण कागद वाचायची सवय लागली की शाळेकडे पाहण्याची दृष्टी बदलते, आणि सल्लागाराला पुढे हीच दृष्टी लागते.

वेळापत्रकानंतर नियम. गोव्यातील शाळांचे प्रशासन ‘गोवा, दमण आणि दीव शालेय शिक्षण कायदा, १९८४’ आणि त्याखालील १९८६ चे नियम यांवर चालते. शिक्षक-कक्षात या नियमांविषयी पुष्कळ बोलले जाते, पण ते मुळातून वाचणारे फार थोडे. नेमणूक, रजा, शिस्तभंगाची कारवाई आणि व्यवस्थापनाची कर्तव्ये यांविषयीचे नियम एकदा संपूर्ण वाचावेत आणि छापील प्रत हाताशी ठेवावी. व्यवस्थापनाच्या बैठकीत मोघम मत मांडणाऱ्या सदस्यासमोर नियमाचा क्रमांक सांगता येणे ही मोठी ताकद आहे, आणि ती कोणाच्या शिफारशीने मिळत नाही.

सेवाज्येष्ठता यादी दर वर्षी स्वतः पाहावी. एका यादीत माझी रुजू होण्याची तारीख चुकीची नोंदली गेली आणि माझे नाव दोन जागा खाली गेले. मी दोन वर्षे तोंडी सांगत राहिले, आणि प्रत्येक वेळी ‘बघूया’ एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या वर्षी नेमणूकपत्राची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, कार्यालयातून आवक क्रमांक मागून घेतला, आणि महिन्याभरात दुरुस्ती झाली. ती दोन वर्षे मी उगाच घालवली, असे आजही वाटते. प्रसूती रजेवरून परतलेल्या शिक्षिकांनी तर सेवापुस्तिकेतील नोंद त्याच आठवड्यात तपासावी. बाळ लहान असताना हे सुचत नाही हे खरे, पण त्या काळातील चुकीची नोंद दहा वर्षांनी पदोन्नतीच्या वेळी समोर येते.

समित्या आणि बैठका

बालशिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते आणि तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरील स्त्री असावी लागते. पुष्कळ ठिकाणी या समित्यांमध्ये शिक्षिकेचे नाव केवळ कागदावर असते. नाव आहेच, तर काम करावे: कायदा वाचावा, बैठक वेळेवर बोलवावी, नोंदी ठेवाव्यात. अंतर्गत समितीत संस्थेबाहेरील एक सदस्यही घ्यावा लागतो. या विषयातील कामाची चांगली नोंद असलेल्या व्यक्तीला पुढे इतर संस्थांकडून त्यासाठी विचारणा होऊ शकते.

बैठकीचे इतिवृत्त लिहायला सांगितले, तर ते जरूर स्वीकारावे. कारकुनी म्हणून अनेक जणी ते टाळतात, परंतु काय ठरले हे सहा महिन्यांनी इतिवृत्तच सांगते. बैठक संपण्याआधी ठराव मोठ्याने वाचून दाखवावा आणि सर्वांची संमती तिथेच घ्यावी.

बैठकीची वेळ हाही आपल्याकडे खरा अडथळा आहे. शाळा दुपारी सुटते, पण व्यवस्थापनातील मंडळी आपापला व्यवसाय किंवा नोकरी आटोपून येणार, म्हणून बैठक संध्याकाळी सातला ठेवली जाते. वाळपई किंवा सांगेच्या बाजूला राहणाऱ्या शिक्षिकेला कदंबच्या शेवटच्या बसचा विचार करावा लागतो आणि ती महत्त्वाचा विषय निघायच्या आधीच उठते. शनिवारी दुपारी बैठक ठेवावी, अशी लेखी विनंती मी मुख्याध्यापिका झाल्यावर केली. दोन सदस्य नाराज झाले, पण पुढच्या वर्षभरात चार शिक्षिका नियमाने बैठकींना बसू लागल्या. हे मी सहशिक्षिका असतानाच मागायला हवे होते.

कोणते शिक्षण घ्यावे

बी.एड. आपल्याकडे पणजीच्या निर्मला इन्स्टिट्यूटमध्ये किंवा फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळाच्या दादा वैद्य महाविद्यालयात अनेकींनी केलेले असते. त्यापुढे, नोकरी सांभाळून करण्यासाठी, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनातील पदव्युत्तर पदविका उपयुक्त आहे. नवी दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षिक नियोजन आणि प्रशासन संस्थेच्या विद्यालय-नेतृत्व केंद्राचे अभ्यासक्रम शाळाप्रमुखांसाठीच तयार केलेले आहेत आणि त्यांतील काही ऑनलाइन करता येतात. पीएच.डी. अध्यापक महाविद्यालयात जायचे असेल तर करावी. शाळांना सल्ला देण्यासाठी ती आवश्यक नाही. पर्वरीच्या राज्य शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या प्रशिक्षणांत साधनव्यक्ती म्हणून काम करण्याची इच्छा मात्र लेखी कळवावी, कारण दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांसमोर उभे राहण्याचा सराव इथेच होतो.

एक प्रश्न आपला करावा

‘शिक्षणविषयक सर्व प्रकारचे मार्गदर्शन’ अशी ओळख सांगणाऱ्या व्यक्तीला शाळा नेमके कशासाठी बोलावणार? एक प्रश्न निवडावा, तो स्वतःच्या शाळेत दोन-तीन वर्षे हाताळावा आणि त्याची नोंद ठेवावी. माझा प्रश्न पाचवीचा होता. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले. पुढे त्यात बदल झाले, तरी आजही आपल्या गावांतील सरकारी प्राथमिक शाळांत मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमाच्या वर्गात येऊन बसतात. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे याविषयी माझ्या मनात शंका नाही; माझी तक्रार पाचवीच्या पहिल्या तीन महिन्यांबद्दल आहे, कारण तेव्हा त्या मुलांसाठी पूल कोणी बांधत नाही.

एके वर्षी जुलैत मी पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. फळ्यावर वजाबाकीचे उदाहरण होते: टोपलीत पंचवीस आंबे, नऊ विकले, ‘हाऊ मेनी आर लेफ्ट?’ माझ्या शेजारच्या मुलीने पंचवीस आणि नऊ हे आकडे सुबक लिहिले आणि ती थांबली. मी हळूच विचारले तेव्हा तिने डावा हात वर करून दाखवला. ‘लेफ्ट’ म्हणजे डावा, हे तिला पक्के ठाऊक होते. आंब्यांचा आणि डाव्या हाताचा संबंध तिला लागत नव्हता. ‘किती उरले?’ असे विचारताच तिने क्षणात सोळा लिहिले. तिच्या वहीत त्याआधीच्या तीन पानांवर लाल शाईत ‘गणित कच्चे’ असा शेरा होता.

त्या दिवसापासून गणित आणि परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत मुलांना अडवणारे साधे शब्द आम्ही गोळा करू लागलो: ईच, अल्टुगेदर, शेअर इक्वली, लेफ्ट. पहिले तीन महिने रोज पंधरा मिनिटे हे शब्द मराठी-कोकणीतून समजावायचे, आधी तोंडी उदाहरणे सोडवून घ्यायची आणि मगच ती इंग्रजीत लिहायची, असा क्रम ठरवला. शब्दांची यादी, पंधरा मिनिटे कुठून काढली ते दाखवणारे वेळापत्रक, मुलांच्या वह्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या छायाप्रती, आणि जिथे जमले नाही तिथे का जमले नाही याच्या नोंदी हे सर्व मी एका फाइलमध्ये ठेवले. निवृत्तीनंतर मला पहिले काम या फाइलमुळे मिळाले. प्रश्न दुसरा कोणताही असू शकतो, पण पुरावा याच प्रकारचा हवा.

सल्लागार म्हणून पहिली पावले

अनुदानित किंवा सरकारी शाळेच्या सेवेत असताना बाहेरचे मानधनाचे काम लेखी परवानगीशिवाय घेऊ नये. नोकरी सोडून या क्षेत्रात उतरायचे असेल, तर घरखर्चाची किमान वर्षभराची तरतूद आधी करावी, कारण शाळा आपली कामे शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला ठरवतात आणि ती वेळ हुकली तर पुढची संधी यायला बरेच महिने जातात.

मानधनाविषयी स्त्रियांना बोलणे जड जाते, आणि संस्थाही ‘टीचर आपल्याच आहेत’ असे म्हणून शाल-श्रीफळावर भागवतात. ओळखीच्या शाळेत एखादे व्याख्यान विनामूल्य द्यावे, त्यात कमीपणा नाही. परंतु काम दिवसांत मोजायला शिकावे. एका दिवसाच्या कार्यशाळेसाठी आधी एक दिवस शाळेत जाऊन वर्ग पाहावे लागतात, एक दिवस तयारीला जातो आणि नंतर एक दिवस अहवालाला. म्हणजे ते चार दिवसांचे काम आहे आणि मानधन चार दिवसांचेच मागावे. प्रस्ताव एका पानाचा असावा: शाळेची अडचण, आपण काय करणार, किती दिवस, शाळेने काय पुरवायचे, रक्कम आणि ती कधी द्यायची. कामाचे बिल द्यावे, रक्कम बँकेत घ्यावी, आयकराचे विवरणपत्र भरावे. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या वर जात नाही तोवर सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही.

गोवा लहान आहे, बारा तालुक्यांत सगळे एकमेकांना ओळखतात. डिचोलीच्या शाळेत पाहिलेली उणीव काणकोणात उदाहरण म्हणून सांगितली, तरी दोन दिवसांत ती शाळा ओळखली जाते. म्हणून अहवाल फक्त ज्यांनी बोलावले त्यांनाच द्यावा आणि कोणत्याही शिक्षकाचे नाव त्यात लिहू नये. पुस्तकांचे किंवा संगणक-संचांचे विक्रेते शिफारशीसाठी कमिशन देऊ करतात. ते एकदा घेतले की आपल्या प्रत्येक शिफारशीवर संशय येतो, आणि तो रास्तच असतो.

शाळेत गेल्यावर पहिला तास मुख्याध्यापकांच्या खोलीत घालवू नये. आधी दोन वर्गांत मागच्या बाकावर बसावे, मग वेळापत्रकाची आणि मागील वर्षाच्या निकालपत्रकाची प्रत मागावी, आणि शिक्षकांशी बोलताना व्यवस्थापनाच्या सदस्यांना बाहेर थांबण्याची विनंती करावी. प्रस्तावातच तीन महिन्यांनंतरच्या अर्ध्या दिवसाच्या भेटीचा उल्लेख ठेवावा आणि तिचे मानधन वेगळे लावू नये. त्या भेटीत शिक्षक-कक्षाच्या भिंतीवरचे वेळापत्रक आधी पाहावे: ठरलेली पंधरा मिनिटे तिथे नसतील, तर ती कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या कारणाने गेली, हे ते वेळापत्रक करणाऱ्या शिक्षिकेलाच विचारावे.