दुसरी एसएसडी बसवताच साटा डिस्क दिसेनाशी झाली: माझा अनुभव

गेमिंग पीसीच्या मदरबोर्डवरील सर्वांत खालच्या एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारखी ड्राइव्ह थेट बोर्डवर बसवण्याची खाच) नवी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची ड्राइव्ह) बसवल्यापासून जुनी साटा (केबलने जोडली जाणारी) हार्ड डिस्क विंडोजमध्येच नव्हे, तर बायोसमध्येही (पीसी सुरू होताना चालणारी मूळ प्रणाली) दिसेनाशी झाली. केबल बदलली, पॉवरची जोडणी तपासली, बायोस अपडेट केले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि मी पार वैतागलो.

खरे कारण मदरबोर्डच्या मॅन्युअलमधील तक्त्याखाली बारीक अक्षरांत होते: त्या स्लॉटमध्ये ड्राइव्ह असल्यास साटा ५ आणि ६ हे पोर्ट बंद होतात, कारण चिपसेटच्या (मदरबोर्डवरील जोडण्या सांभाळणाऱ्या चिपच्या) लेन, म्हणजे डेटाचे मार्ग, स्लॉट आणि पोर्ट या दोघांत सामायिक असतात. माझी डिस्क नेमकी पोर्ट ५ वर होती.

पीसी बंद करून पॉवर केबल काढली आणि उरलेली वीज निघून जाण्यासाठी पॉवर बटण काही सेकंद दाबून धरले. साटा केबल पोर्ट १ मध्ये लावली. त्यानंतर नवी आणि वरच्या स्लॉटमधील जुनी अशा दोन्ही एसएसडींची अदलाबदल केली, कारण खालचा स्लॉट पीसीआयई (ड्राइव्ह व कार्ड जोडण्याचे मानक) ३.० चा असल्याने तेथे सेकंदाला साधारण ३.९ जीबीच्या पुढे वेग मिळत नाही, तर प्रोसेसरलगतचा स्लॉट ४.० चा आहे. त्यामुळे नवी ४.० ड्राइव्ह वर आणि जुनी ३.० ड्राइव्ह खाली गेली. ड्राइव्ह तिरपी धरून पूर्ण आत सरकवावी, मग अलगद दाबून स्क्रू लावावा. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) थर्मल पॅडवरील प्लास्टिकची पातळ फिल्म आधी काढणे फार महत्त्वाचे आहे. शेवटी बायोसमध्ये बूटचा क्रम (पीसी कोणत्या ड्राइव्हवरून सुरू व्हावा तो) तपासला.

तिन्ही ड्राइव्ह लगेच दिसल्या. काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या लेन घेतो आणि कार्ड १६ ऐवजी ८ लेनवर चालते, म्हणून तक्त्यातील तीही ओळ वाचावी.