वाइल्डरनेसमध्ये शिरण्यापूर्वी
‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या ऑनलाइन गेममधील वाइल्डरनेस या, खेळाडू एकमेकांवर हल्ला करू शकतात अशा भागात दुसऱ्या खेळाडूच्या हातून मरण आल्यास सामान्यतः आपल्याजवळच्या सर्वांत मौल्यवान 3 वस्तूच वाचतात; मात्र आपण होऊन कुणावर हल्ला केला आणि डोक्यावर कवटीचे चिन्ह उमटले, तर त्याही जातात. म्हणून गमावल्यास हळहळ वाटणार नाही एवढेच सामान सोबत घ्यावे, बाकीचे बँकेत ठेवावे. ‘प्रोटेक्ट आयटम’ ही प्रार्थना (प्रार्थनागुण खर्चून चालू ठेवायची गेममधली शक्ती) एक जादा वस्तू वाचवते, पण मरतेवेळी ती चालू असावी लागते, आणि कसलेला शत्रू ‘स्माइट’ ही प्रार्थना वापरून नेमके तुमचे प्रार्थनागुणच संपवतो. उत्तरेकडे जावे तशी वाइल्डरनेसची पातळी वाढते, आणि बहुतेक टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे नेणाऱ्या सोयी) पातळी 20 च्या पुढे चालत नाहीत. तेव्हा लुटीपायी उत्तरेकडे सरकताना (मोह होतोच) परतीची वाट आधीच ठरवून ठेवावी.