मांसाहार कमी करायचाय? आधी ताटातली रिकामी जागा भरा

मांस आतड्यात दोन-दोन दिवस सडत पडतं, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. त्यातली प्रथिनं लहान आतड्यात बऱ्यापैकी पूर्ण पचतात. मांसाच्या जेवणानंतर येणारा जडपणा बहुतेक वेळा चरबीचा असतो, कारण चरबी जास्त झाली की जठर उशिरा रिकामं होतं. पोट साफ न होण्यामागे दुसरं कारण आहे. मांसात चोथा, म्हणजे फायबर, अजिबात नसतो, आणि ताटाचा मोठा भाग मांसाने व्यापला की चोथ्याच्या पदार्थांना जागाच उरत नाही. त्यामुळे मांस काढून त्या जागी तळलेला बटाटा, मैद्याचा पाव आणि चीज आणलं तर पोटाला काहीच फरक पडत नाही. उलट बद्धकोष्ठ वाढतं आणि दोष मात्र शाकाहारावर येतो.

सुरुवात मोजण्यापासून करा. आठवडाभर काहीही न बदलता कोणत्या जेवणात किती मांस होतं ते लिहून ठेवा. अंदाज बहुधा चुकतात. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला असा की लाल मांस आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. कच्चं धरलं तर हे साधारण ५०० ते ७०० ग्रॅम होतं, हाडं वगळून. सॉसेज, सलामी, बेकन, हॅम यांना आधी कात्री लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. लाल मांस त्याच्या एक पायरी खाली, 'बहुधा कर्करोगकारक' गटात आहे. मासे आणि कोंबडी या यादीत नाहीत, म्हणून ती कमी करायची घाई नको.

वेग हाच मुद्दा

मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो. आजवर १०-१२ ग्रॅमवर असलेलं पोट एका दिवसात तिथे नेलं तर ते फुगणारच. आठवड्याला साधारण ५ ग्रॅमची वाढ पुरे. पहिल्या आठवड्यात मांसाचे वार तेच ठेवा, तुकडे तेवढे कमी करा, आणि रोज चार मोठे चमचे शिजवलेली मसूर किंवा मूग वाढा. ६० ग्रॅम शिजवलेल्या मसुरीत साडेचार-पाच ग्रॅम चोथा मिळतो. दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला मांसाची दोन जेवणं काढा आणि कडधान्याचं माप थोडं थोडं वाढवा. भाज्या, सालासकट फळं, कोंडा न काढलेली धान्यं यांतून उरलेला चोथा येतो. सोबत पाणी वाढलं नाही तर हाच चोथा आतड्यात घट्ट बसतो. 'इतकं फायबर खातो तरी पोट साफ नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

कडधान्य नीट शिजवणं

मांस कमी करण्याचा बेत बहुतेक वेळा इथेच फसतो. कडधान्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांवर ताव मारून वायू तयार करतात. या शर्करा पाण्यात विरघळतात. म्हणून छोले, राजमा, वाटाणा ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, दोनदा धुवा आणि नव्या पाण्यात शिजवा. जीवनसत्त्वं जातील म्हणून भिजवलेलं पाणी जपून ठेवणारेही असतात. थोडी जातात खरी, पण ज्यांना गॅसचा त्रास आहे त्यांनी हा हिशेब करू नये. मोड आणले तर या शर्करा आणखी कमी होतात. सुरुवात सोललेल्या मुगाच्या किंवा मसुरीच्या डाळीने करावी. छोले-राजमा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात.

दाणा शिजला की नाही हे शिट्ट्यांवरून ठरवू नका. एक दाणा जीभ आणि टाळू यांच्यात दाबा. दात न लावता लोण्यासारखा पसरला पाहिजे. मध्ये खडबडीत कणी लागली तर अजून वेळ आहे. तासभर शिजूनही दाणा टणक राहिला तर माल जुना आहे किंवा पाणी जड आहे. चिमूटभर खाण्याचा सोडा मदत करतो. टोमॅटो, चिंच, लिंबू दाणा मऊ झाल्यावरच घाला, कारण आंबटपणाने साल मऊ होत नाही. मीठ मात्र बिनधास्त आधी घाला, ते नाहक बदनाम झालं आहे.

राजम्याबाबत हयगय नको. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, आणि अर्धवट गरम केल्याने ते जात नाही, उलट त्याचा जोर वाढू शकतो. दाणा किमान १० मिनिटं खळखळून उकळला पाहिजे. प्रेशर कुकरमध्ये हे आपोआप होतं. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात होतंच असं नाही, आणि मग दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात.

चव सुटत नसेल तर

निम्मा खिमा, निम्मी मसूर हा सगळ्यात कमी भांडणाचा मार्ग आहे. १०० ग्रॅम अख्खी मसूर शिजवून निथळली की सुमारे २५० ग्रॅम होते. तेवढाच खिमा घ्या. खिम्याचं पाणी पूर्ण आटू द्या, कडा तपकिरी होऊन भांड्याला चिकटू लागल्या की मगच मसूर घाला आणि डावाच्या पाठीने थोडी चेचा. मसूर आधी पडली तर खिमा भाजला न जाता उकडतो आणि सगळ्याचा लगदा होतो. मशरूमही चालतात, पण बारीक चिरून, मिठाशिवाय, मोठ्या आचेवर, पाणी उडेपर्यंत.

प्रथिनं, लोह, बी१२

साधारण हिशेब दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. शिजवलेल्या १०० ग्रॅम कोंबडीत २७ ते ३० ग्रॅम असतात, तेवढ्याच शिजवलेल्या कडधान्यात ८-९. म्हणून १०० ग्रॅमच्या जागी १०० ग्रॅम हा बदल तोकडा पडतो. अंड्यातून ६, पेलाभर दुधातून ८, आणि ३० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून १५ ग्रॅम मिळतात. एका जेवणात दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की गणित जमतं.

वनस्पतीतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं. जेवणात लिंबू, पेरू, सिमला मिरची असं 'क' जीवनसत्त्व असू द्या, आणि चहा-कॉफी जेवणाला चिकटून न घेता तासाभराच्या अंतराने घ्या. बी१२ साठी थोडं मांस, मासे, अंडी, दूध चालू असेल तर सहसा पुरतं. सगळंच बंद करणार असाल तर गोळी लागतेच. साठा यकृतात काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघड होते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी१२ तपासून घ्यावं.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर कडधान्यातलं पोटॅशियम आडवं येऊ शकतं. वॉरफरीन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असताना पालेभाज्या एकदम वाढवल्या तर औषधाचा परिणाम कमी होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांचं पिष्टमय पदार्थांचं गणित बदलतं. या तिघांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. ज्यांची आतडी मुळातच संवेदनशील आहेत, त्यांना नीट भिजवलेलं कडधान्यही झेपेलच असं नाही. त्यांनी अंडी, मासे, टणक टोफू यांवर भर द्यावा. आणि शौचात रक्त, कारण नसताना घटणारं वजन किंवा आठवडेच्या आठवडे बदललेली शौचाची सवय यांपैकी काही दिसलं तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.